'व्हेंटिलेटर' आणि आमच्या घरातले प्रेक्षक
(प्रेक्षकांचे मत कसे वाचावे : एक अभ्यासलेख)



आपल्या मराठी वाङ्मय मंडळात एखाद्या चित्रपटावर चर्चा ठेवली की पहिली पाच मिनिटं कशी जातात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. "मस्त आहे की!" "बोअर आहे गा." "एकदा बघायला हरकत नाही." एवढं झालं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. कवितेचं रसग्रहण पानभर लिहिणारे आपण, चित्रपटाबद्दल मात्र दोन शब्दांत आटपतो. आणि दुसऱ्यानं काय म्हटलं त्याकडे तर लक्षच देत नाही.

या लेखात मी एका चित्रपटाचं परीक्षण करणार नाही. तो बघून लोक काय बोलले आणि ते बोलणं कसं वाचायचं, हा आजचा विषय. चित्रपट आहे 'व्हेंटिलेटर' आणि लोक म्हणजे आमच्या घरातले. आमचं घर खडेबाजारात, खाली कापडाचं दुकान आणि वर बिऱ्हाड. दोन भाऊ, दोन चुली, एक आज्जी.

चित्रपटाची थोडक्यात ओळख

'व्हेंटिलेटर' ४ नोव्हेंबर २०१६ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक राजेश मापुसकर. त्यांनी आधी 'फेरारी की सवारी' (२०१२) हा हिंदी चित्रपट केला होता. निर्मिती प्रियांका चोप्रांच्या संस्थेची. या चित्रपटाला दिग्दर्शन, संकलन आणि ध्वनिमिश्रण असे तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पुढे २०१८ साली तो गुजरातीतही आला.

गोष्ट एका ओळीत सांगता येते. गणपती चार दिवसांवर आलेले असताना कामेरकर कुटुंबातले वडीलधारे गजानन काका बेशुद्ध होतात, त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवतात आणि मुंबईतले, कोकणातले झाडून सगळे नातेवाईक इस्पितळात गोळा होतात. सिनेमावाला पुतण्या राजा (आशुतोष गोवारीकर), राजकारणात पडलेला आणि बापाशी न पटणारा मुलगा प्रसन्न (जितेंद्र जोशी), शिवाय काका, आत्या, भाचे, सुना. सगळ्यांना काळजी आहे आणि त्या काळजीच्या पोटात आणखी एक काळजी आहे : काका आत्ताच गेले तर सूतक लागेल, मग गणपतीचं काय? हे उघड बोलायचं कुणी? इथून विनोद सुरू होतो.

घरातली मतं

एका रविवारी दुपारी आम्ही नऊ जण हा चित्रपट टीव्हीवर बघत बसलो. संपल्यावर, आणि काहींची संपायच्या आधीच, जी मतं आली ती मी वहीत लिहून ठेवली. ती अशी :

बाबा : "एक नंबर सिनेमा. आपल्या घरातलंच दाखवलंय."

धाकटे काका (मध्येच उठून खाली दुकानात गेले) : "लांबवलंय गा नुसतं. अर्ध्या तासाचं काम, दोन तास ओढलंय."

काकांचा मुलगा, अकरावीतला : "एवढी माणसं! कोण कुणाचं कोण, तेच कळत नाही."

काकी : "एवढं गणगोत दवाखान्यात बसलंय. तिकडं घरात चहा-जेवणाचं कोण बघालंय? ते कुठं दाखवलं?"

आज्जी, बऱ्याच वेळानं : "त्या पडलेल्या माणसाला ऐकू येतंय की काय, कुणी विचारलं नाही बघ."

पाच माणसं, पाच मतं. परीक्षणाच्या भाषेत बोलायचं तर बाबा वास्तवदर्शनाबद्दल बोलले, काका गतीबद्दल, भाऊ पात्रांच्या गर्दीबद्दल, काकी कथेच्या निवडीबद्दल आणि आज्जी दृष्टिकोनाबद्दल, म्हणजे गोष्ट कुणाच्या बाजूनं सांगितली आहे याबद्दल. यातल्या एकानंही 'समीक्षा' हा शब्द उच्चारला नाही. तरी वर्गात शिकवले जाणारे पाच मुद्दे आमच्या सोप्यावर चहाच्या कपाबरोबर येऊन पडले होते.

भरतमुनींनी प्रेक्षकाकडे कसं बघितलं?

प्रेक्षकाच्या मताला आपल्याकडे जुन्या काळापासून जागा आहे. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरतानं प्रयोगाच्या 'सिद्धी'चा, म्हणजे प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखायचं याचा विचार केला आहे. तो प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांची यादीच देतो. काही प्रतिक्रिया तोंडानं येतात : स्मित, अर्धं हसू, मोठ्यानं हसणं, 'वा!', 'अरेरे!'. काही शरीरानं : अंगावर काटा येणं, जागेवरून उठणं, खूश होऊन अंगावरचं वस्त्र देऊन टाकणं.

याच अध्यायात त्यानं आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली आहे. सगळ्यांना एकच गोष्ट आवडत नाही. तरुणांना शृंगारात गोडी, विरक्ताला मोक्षाच्या गोष्टीत, म्हाताऱ्यांना पुराणकथांत. आदर्श प्रेक्षकाचे सगळे गुण एकाच माणसात सापडायचे नाहीत, हेही तो मान्य करतो. म्हणजे आमच्या घरात एकमत झालं नाही यात चित्रपटाचा काही दोष नाही आणि आमचाही नाही.

हास्यरसाच्या चर्चेत तो हसण्याचे सहा प्रकार सांगतो : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. हे पाठ करायला कंटाळा येतो हे मला मान्य. पण 'व्हेंटिलेटर' बघताना घरातल्यांकडे बघा, यादी आपोआप समजते. गावाकडचे नातेवाईक येतात तेव्हा भाऊ खो-खो हसत होता. गणपती आणि सुतकाची कुजबुज सुरू झाली तेव्हा आई फक्त ओठातल्या ओठात हसली आणि लगेच आज्जीकडे बघितलं. तिचं ते बघणं मी वहीत लिहिलं. ते मतच होतं.

मरण आणि विनोद : मराठीतली जुनी वाट

मोठं कुटुंब, घरातलं आजारपण किंवा मरण आणि त्यात हसू हे काही 'व्हेंटिलेटर'नं पहिल्यांदा केलं नाही. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण' (१९७४) या नाटकात मेलेले भाऊराव स्वतःच बोलतात आणि कीर्तनाच्या थाटात मरणाचा सोहळा चालतो. याच आळेकरांनी 'व्हेंटिलेटर'मध्ये भूमिका केली आहे हा योग जुळून आलेला.

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' (१९८५) हे विनोदी नाटक नव्हे. पण तिथंही तात्याजी वारल्यावर देशपांड्यांच्या वाड्यात मुलं गोळा होतात आणि तेराव्याचा खर्च कुणी करायचा यावर घर उसवत जातं. कामेरकर आणि देशपांडे, दोन्हीकडे प्रश्न तोच : माणूस जाताना मागच्यांना नेमकं कशाचं दुःख होतं? एलकुंचवार त्यावर हसू देत नाहीत. मापुसकर आधी हसवतात आणि मग विचारतात.

हिंदीत हृषीकेश मुखर्जींचा 'बावर्ची' (१९७२) आठवा. भांडखोर एकत्र कुटुंब, घराचं नाव मात्र 'शांती निवास'. तिथं बाहेरून आलेला स्वयंपाकी घर सांधतो. 'व्हेंटिलेटर'मध्ये बाहेरून कुणी येत नाही. सांधायचं ते घरच्यांनीच.

आणि आपल्या बेळगावचं उदाहरण. इथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ शिकवणाऱ्या पु. ल. देशपांड्यांनी 'गणगोत'मध्ये आपल्या गावच्या रावसाहेबांचं व्यक्तिचित्र लिहिलं. कन्नड मिसळलेली त्यांची मराठी वाचून महाराष्ट्रातला वाचक हसतो. बेळगावचा वाचकही हसतो, पण त्याला आपल्या घरातला कुणीतरी आठवतो. मजकूर एकच, हसू दोन प्रकारचं. प्रेक्षकमताचा अभ्यास म्हणजे हा फरक टिपणं.

मत वाचायचं कसं?

आता मुख्य मुद्दा. कुणाचंही मत मिळालं की त्याला चार प्रश्न विचारावेत.

१) हे मत चित्रपटाबद्दल आहे की बोलणाऱ्याबद्दल? "आपल्या घरातलंच दाखवलंय" यात ओळख पटल्याचा आनंद आहे. तो खरा आहे, पण त्यातून चित्रपट चांगला की वाईट हे ठरत नाही.

२) याला पुरावा कुठला? भावाला विचारलं, नक्की कुठं गोंधळलास? त्यानं दोन प्रसंग सांगितले. मग लक्षात आलं, तो वैतागला होता, पण इस्पितळात नव्यानं आलेल्या डॉक्टरचीही नेमकी अशीच गत होईल. गर्दी मुद्दाम केलेली असू शकते. आता मतावर बोलता येतं.

३) चित्रपटात काय नाही? हा काकीचा प्रश्न. पडद्यावर जे आहे त्यावर सगळे बोलतात. जे नाही ते, ज्याला रोज तेच करावं लागतं त्यालाच दिसतं. आमच्याकडे कुणी दवाखान्यात असलं की पाच डबे काकी भरते.

४) बोलणारा कुठं गप्प झाला, कुठं उठला? हा प्रश्न सर्वांत अवघड, आणि तो मी काकांना विचारायला आठ दिवस लावले.

त्याचं कारण सांगतो. त्या काळात आमच्या घरात वाटणीचं चाललं होतं. बाबा आणि काका दुकानात शेजारी बसायचे, पण गिऱ्हाइकासमोर लागेल तेवढंच बोलायचे. मी काकांना म्हटलं, "लांबला म्हणालात, कुठं लांबला?" ते कापडाचं ठाण गुंडाळत होते. म्हणाले, "दवाखान्यात असं कुणी हसत नाही गा. अण्णा होते तेव्हा आम्ही सोळा रात्री काढल्या बाकावर. एकदा पण हसलो नाही."

गल्ल्यावरून बाबा म्हणाले, "हसलो की. तू रात्री दोनला चहा म्हणून त्या वॉर्डबॉयचं काढ्याचं भांडं तोंडाला लावलास ते?"

काका गप्प. मग म्हणाले, "ते कडू होतं." आणि दोघंही हसले. किती दिवसांनी ते मी मोजलं नाही.

यावरून 'सिनेमानं घर जोडलं' असं लिहायचा मोह होतो. तसं झालं नाही. वाटणी झालीच. काका आता टिळकवाडीत राहतात, दुकानात मधे प्लायवूडची भिंत आहे. पण मला अभ्यास म्हणून जे कळलं ते एवढं : "लांबवलंय" या एका शब्दात सोळा रात्री होत्या. मी तो शब्द वहीत लिहून पुढं गेलो असतो तर त्या मला दिसल्या नसत्या.

दुसऱ्या घरातून

हे सगळं मंडळात सांगितलं तेव्हा कॅम्पात राहणारी आमची एक ख्रिश्चन मैत्रीण म्हणाली, "सूतक म्हणजे काय ते मला सिनेमा बघूनच कळलं. पण आमचे ग्रँडपा डिसेंबरात आयसीयूत होते तेव्हा क्रिसमसचं काय करायचं हे घरात सगळे असंच हळू बोलायचे." एक कन्नड मित्र म्हणाला, "अविभक्त कुटुंब हा शब्द आमच्यात पण तोच आहे." म्हणजे कोकणातल्या कामेरकरांची गोष्ट सीमाभागातल्या तीन भाषांच्या वर्गात पोचते. गणपतीच्या जागी आपापला सण ठेवला की झालं.

आज्जीचं मत मात्र मी अजून सोडवू शकलेलो नाही. चित्रपटभर माणसं त्या खोलीच्या बाहेर बोलतात, आत येऊन बोलतात, त्याच्याबद्दल बोलतात. त्याला ऐकू येत असेल का? आज्जीला मी चारही प्रश्न विचारायला गेलो होतो. ती म्हणाली, "तू रोज संध्याकाळी इथं येऊन बसत जा, म्हणजे कळंल." सध्या बसतो आहे.

स्वाध्याय

१) घरातल्या किमान चार माणसांबरोबर एक कौटुंबिक चित्रपट पाहा. प्रत्येकाचं मत त्यांच्याच शब्दांत, बोलीसकट, लिहून काढा. प्रमाण भाषेत बदलू नका.

२) त्यांतल्या एका मताला वरचे चार प्रश्न लावून एक पान लिहा.

३) 'व्हेंटिलेटर' आणि 'वाडा चिरेबंदी' यांतील कुटुंबांची तुलना करा. विनोद काढून टाकला तर 'व्हेंटिलेटर'मध्ये काय उरतं?

४) तुम्ही स्वतः कुठल्या प्रसंगी उठून पाणी प्यायला गेलात? का? (हे उत्तर मंडळात वाचून दाखवायची सक्ती नाही.)