तालुके आठ, यादीत मात्र पाच!

प्रश्न : मोसंबीच्या बागांची नोंद ठेवणारं छोटं वेब ॲप्लिकेशन जँगोमध्ये शिकता शिकता बनवतोय. तालुका आणि बाग ही टेबलं जोडली की जालना जिल्ह्यातले पाचच तालुके दिसतात. सराव कसा करू?
– एक विद्यार्थी, अंबड

उत्तर : जिल्ह्यात तालुके आठ आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून चूक दिसली. सरावाला असाच, उत्तर आधीच माहीत असलेला डेटा घ्यावा. तुम्ही इनर जॉइन वापरलेला दिसतो. ज्या तालुक्यात एकही बाग नोंदलेली नाही, तो त्यात गळतो. तालुक्यापासून सुरुवात करून लेफ्ट जॉइन करा, आठही येतील. मात्र काउंटमध्ये तारांकन नको, बागेचा आयडी द्या. नाहीतर रिकाम्या तालुक्यासमोरही १ दिसेल. आणि ‘२०२० नंतरची लागवड’ ही अट व्हेअरमध्ये टाकलीत, तर तालुके पुन्हा गायब! ती ऑनमध्ये लिहा. इथे भलेभले फसतात.

आता जँगोकडे. लूप फिरवून प्रत्येक तालुक्याच्या बागा मागवल्या, तर ८ तालुक्यांसाठी ९ क्वेरी जातात. प्रीफेच रिलेटेड वापरलं की दोनच. बागेवरून तालुका हवा असेल तर सिलेक्ट रिलेटेड. पण आधी महिनाभर हाताने एसक्यूएल लिहा, मगच जँगोवर विसंबा.