तलंगेचा पाय व तिचें पोट

कोंबडीचें पिलूं लंगडूं लागलें कीं पाय मुरगळला, आणि पातळ हगूं लागलें कीं कांहीं भलतेंच खाल्लें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कित्येक वेळां ती खरीही ठरते. परंतु तिजवर विसंबून राहिल्यानें एका पिलापाठोपाठ सारें खुराडें रितें झालेलें आम्हीं पाहिलें आहे. आणि ज्या घरीं अंड्यांच्या पैशावर मीठमिरची व मुलांच्या वह्या येतात, त्या घरीं ही हानि लहान नव्हे.

गेल्या पावसाळ्यांत शेजारच्या वस्तीवरील एका बाईनें सुमारें दहा आठवड्यांची एक तलंग डालग्यांत घालून आम्हांकडे आणिली. एक पाय पुढें व दुसरा मागें ताणून ती कुशीवर पडली होती; विष्ठा हिरवट व पाण्यासारखी होती. “बाबा, हिचा पाय तेवढा बांधून द्या,” एवढेंच बाईचें मागणें. आम्हींही बांबूच्या कामट्या लावून तो बांधला! दोन दिवस फुकट गेले. चूक ही झाली कीं, आम्हीं पाय पाहिला, पक्षी पाहिला नाहीं.

पक्ष्यास हातीं धरण्यापूर्वीं दुरून पहावें. तो उभा राहतो कीं घोट्यांवर बसतो? पंख लोंबतात काय? मग तळवे पहावे. काटा रुतून काळी खपली धरली असेल व तळवा सुजला असेल, तर विकार तेथेंच आहे. घोट्याचा सांधा सुजून चपटा झाला व पाय बाहेर वळला, तर स्नायुबंध जागेवरून सरकला असें समजावें. चोंच बोटानें दाबली असतां वांकत असेल, तर हाडें मऊ पडलीं आहेत. अशा पिलास ऊन, शिंपल्यांचा चुरा व सकस खाद्य पाहिजे. अगदीं लहान पिलाचीं बोटें मुठीसारखीं आंत वळलीं, तर रायबोफ्लेविन नांवाच्या जीवनसत्त्वाची उणीव बहुधा असते. ताक, काळीज व हिरवा पाला यांत तें असतें. उपाय लवकर झाला तर पिलूं सुधारतें, उशीर झाला तर बोटें तशींच राहतात.

अन्नानें पाय जातात हें कोणास नवल वाटेल. सन १८९० नंतरच्या दशकांत जावा बेटांतील बटाव्हिया येथें आयकमन नांवाच्या डच वैद्यास हेंच दिसलें: सडीक तांदुळाचा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडत, आणि तांदुळाचा कोंडा मिळतांच त्या बऱ्या होत. या शोधाबद्दल त्यास १९२९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. पिलांस केवळ पांढरा भात घालणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आतां पोट. गळ्याखालील अन्नाची पिशवी रात्रीं भरलेली व सकाळीं रिकामी असावी. सकाळींही ती कठीण लागली, तर गवत वा सुतळी अडकली असेल. मऊ असून आंबूस वास आला, तर अन्न नासलें आहे. चांगली विष्ठा घट्ट व पांढऱ्या टोपीची असते. मधून मधून काकवीसारखी चिकट, तपकिरी विष्ठा पडते; ती रोगाची नव्हे, तेवढ्यासाठीं कोणी घाबरूं नये. परंतु तीन ते आठ आठवड्यांचें पिलूं पिसें फुलवून पेंगत असेल व विष्ठेंत रक्त दिसेल, तर ती रक्ती हगवण होय. गुरांच्या दवाखान्यांतून अँप्रोलियम आणून सांगितलेल्या मानानें पाण्यांत द्यावें, व खालचा ओला भुसा त्याच दिवशीं काढावा. रोगाचें मूळ त्या ओलीतच असतें.

आमच्या तलंगेच्या विष्ठेंत रक्त नव्हतें. पिशवी मात्र सकाळींही फुगलेली होती, आणि छातीचें हाड सुरीसारखें हातास लागलें. तिसरे दिवशीं ती मेली. ती आम्हीं पिशवींत बांधून पशुवैद्याकडे नेली. त्यांनीं चिरून मांडीकडे जाणारा मज्जातंतु दाखविला. तो दुसऱ्या बाजूच्या तंतूहून दुप्पट जाड होता. हा मारेक रोग. हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनीं १९०७ सालीं याचें वर्णन केलें. याचा विषाणु मज्जातंतूंत शिरतो. पायाच्या तंतूंत शिरला म्हणजे पाय जातो, आणि पोटाकडील तंतूंत शिरला म्हणजे पिशवींतील अन्न पुढें सरकत नाहीं. उपाशी पोटीं पित्त उतरून विष्ठा हिरवी होते. पायाचें व पोटाचें दुखणें एकच होतें!

यावर औषध नाहीं. लस आहे, पण ती अंड्यांतून निघाल्यावर पहिल्याच दिवशीं टोंचावी लागते. म्हणून पिलें विकत घेतांना ती टोंचली आहे काय, हें विचारावें. मानमोडीचेंही असेंच. १९२७ सालीं राणीखेत येथें आढळल्यामुळें तिला तें नांव पडलें; तींतही हिरवी हगवण लागते व पाय लुळे पडतात, परंतु पक्षी धापा टाकतो, मान पिळतो आणि एकामागून एक झपाट्यानें मरतो. तिची लस दवाखान्यांत मिळते. पुष्कळ पक्षी एकदम मेले तर मात्र हात न लावितां दवाखान्यास कळवावें. २००६ सालीं नवापुरास बर्ड फ्लू आला होता, हें आपण विसरलों नाहीं.

बाईस हें सर्व सांगतांना आम्हांस जड गेलें. तिच्या नऊ तलंगा उरल्या होत्या. त्यांपैकीं जी पाय ओढूं लागेल ती त्याच दिवशीं वेगळी करावी, व नवीं पिलें त्या खुराड्यांत मुळींच घालूं नयेत, असें ठरलें. कारण पिसांच्या धुळींत हा विषाणु महिनोन्महिने टिकतो. पुढें आणखी दोन गेल्या. सात आतां अंडीं घालितात, आणि नवीं टोंचलेलीं पिलें बाईनें घरामागें निराळ्या खोपटांत ठेविलीं आहेत.