आत्म्याचे ऐक्य राखणे

शास्त्रपाठ : इफिसकरांस 4:1-6, प्रेषितांची कृत्ये 6:1-7, फिलिप्पैकरांस 4:2-3

प्रेषित पौलाने इफिसकरांस ऐक्याविषयी लिहिले तेव्हा तो बंदिवासात होता. ऐक्य निर्माण करा, असे तो सांगत नाही. आत्म्याने दिलेले ऐक्य झटून राखा, असे तो सांगतो. शेत पेरले म्हणजे शेतकऱ्याचे काम संपत नाही. राखण केली नाही तर उभे पीक हातचे जाते. मंडळीच्या ऐक्याचेही तसेच आहे. ही राखण कशी करावी, याविषयी आपण तीन गोष्टींचा विचार करू.

1. दुसऱ्याच्या विवेकाला मान देणे

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यासाठीची बोलणी 1929 पासून चालली होती. इतकी वर्षे लागली, कारण मतभेद खरे होते. काही मंडळ्या बालकांना बाप्तिस्मा देत, तर काही केवळ स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यांना देत.

छत्तीसगडातील भाविकांना हा भेद जवळचा होता. 1868 साली रायपूर परिसरात आलेले मिशनरी ऑस्कर लोर जर्मन इव्हँजेलिकल परंपरेतील होते; त्या परंपरेत बालबाप्तिस्मा होता. बिलासपूर व मुंगेली भागात कार्य करणारे डिसायपल्स ऑफ क्राइस्ट मात्र विश्वास कबूल करणाऱ्यांचाच बाप्तिस्मा मानीत. नव्या मंडळीत दोन्ही प्रथांना स्थान देण्यात आले. कोणाला आपली श्रद्धा सोडावी लागली नाही. प्रत्येकाला दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर करणे मात्र भाग होते.

रायपूरच्या दक्षिणेस धमतरी येथे 1899 साली, दुष्काळाच्या दिवसांत, मेनोनाइट मिशनने कार्य आरंभिले. मेनोनाइट मंडळी 1970 च्या ऐक्यात सामील झाली नाही. म्हणून ती परकी ठरते काय? मुळीच नाही. पौल एक शरीर, एक आत्मा, एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा यांची गणना करतो. एका कचेरीची करीत नाही. संघटना वेगळी असली तरी प्रभूचे शरीर एकच आहे.

2. दुर्लक्षितांची दखल घेणे

यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत कुरकुर झाली ती शिक्षणावरून नव्हे, तर अन्नाच्या वाटणीवरून. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दररोजच्या वाटणीत दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना कृतघ्न म्हटले नाही, किंवा प्रार्थनेने सर्व ठीक होईल असे सांगून त्यांची बोळवण केली नाही. सात माणसे निवडण्यात आली. त्या सातांची नावे वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सर्व नावे ग्रीक आहेत! ज्यांच्या विधवा वंचित राहिल्या, बहुधा त्यांच्यातीलच लोकांच्या हाती वाटणी सोपविण्यात आली. त्यानंतर देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला, असे लूक नमूद करतो.

रायपूर व शेजारच्या भिलाईसारख्या शहरांत हिंदी, छत्तीसगढी, ओडिया, तेलुगू, मल्याळी, मराठी असे अनेक भाषा बोलणारे लोक राहतात. अशा ठिकाणी एका बाकावर बसणाऱ्यांची मातृभाषा वेगळी असू शकते. निर्णय कोणाच्या भाषेत होतात? आजारी पडल्यावर कोणाच्या घरी कोणीच जात नाही? पंचकमिटीत कोणाचे नाव कधीच येत नाही? प्रेमाची काळजी म्हणजे हे प्रश्न कुरकुर होण्यापूर्वीच विचारणे.

3. तिसऱ्या माणसाची जबाबदारी

फिलिप्पै येथील युवदीया व सुंतुखे या दोघी सुवार्तेच्या कामी पौलाबरोबर झटल्या होत्या. तरी त्यांच्यात बेबनाव झाला. पौल दोघींना सारखीच विनंती करतो, कोणाची बाजू घेत नाही. मग तो एका तिसऱ्या सोबत्याला त्यांचे साहाय्य करण्यास सांगतो. त्या सोबत्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. कदाचित ती जागा आज तुमची असेल.

पुष्कळदा हा तिसरा माणूस गप्प बसतो, किंवा इकडचे तिकडे सांगून विस्तव फुंकतो. वाद वाढतो, प्रकरण कोर्टात जाते, आणि तरुण मुले उपासनेला येईनाशी होतात. खटला कोणीही जिंको, ही हानी भरून निघत नाही. म्हणूनच प्रभू येशूने सांगितले की, भावाचा अपराध प्रथम त्याला एकांतात दाखवावा (मत्तय 18:15). जो एकटा भेटायला जातो तो आपला भाऊ मिळविण्यासाठी जातो. जो चौघांत बोलतो त्याला बहुधा केवळ जिंकायचे असते.

बंधुभगिनींनो, ऐक्याचा ठराव एका दिवसात संमत होऊ शकतो. राखण मात्र रोज करावी लागते. येत्या प्रभुभोजनापूर्वी ज्या घराचा उंबरठा आपण ओलांडणे सोडले आहे, त्या घरी जाऊन येऊ या. प्रभू आपणांस नम्रता व सहनशीलता देवो.

मननासाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीत कोणत्या भाविकांकडे नकळत दुर्लक्ष होते?
2. मतभेद आणि फूट यांत कोणता फरक आहे?
3. आपल्या ओळखीच्या दोघांत अबोला असल्यास आपण या आठवड्यात काय करू शकतो?