मोसंबीवरील डिंक्या रोग : बुरशी नव्हे, जलचर शत्रू
छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण तालुका मोसंबीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील बागांना डिंक्या रोगाचे भय असते. बुंध्यातून डिंक पाझरतो, साल कुजते व अखेर झाड वाळते. याचे कारण फायटोप्थोरा. तंतुमय रूपामुळे पूर्वी त्याची गणना बुरशीत होई. परंतु त्याच्या पेशीभित्तिकेत कायटिनऐवजी मुख्यतः ग्लुकन व सेल्युलोज असल्याने आता त्यास ऊमायसिटीज गटात, तपकिरी शैवालांच्या नात्यात, स्थान दिले जाते. त्याचे चलबीजाणू दोन कशाभिकांच्या साहाय्याने साचलेल्या पाण्यात पोहत मुळांपर्यंत पोचतात. म्हणून बुंध्याला पाणी लागू नये यासाठी दुहेरी आळे करावे, निचरा राखावा आणि पावसाळ्यापूर्वी 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 10 लिटर पाणी यांचे बोर्डो मलम बुंध्यास लावावे. पाण्याचे नियोजन हाच या रोगावरील पहिला उपाय होय.