राशीचा आडोसा

जुनवानी, भिलाई
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. मानसीस,


तुझं पत्र मिळालं. हल्ली घरी पत्र येणं हीच बातमी असते, त्यामुळे तुझ्या आतोबांनी पाकीट आधी उलटंपालटं करून पाहिलं आणि मगच माझ्या हाती दिलं. कंपनीने देऊ केलेल्या हैदराबादच्या जागेबद्दल तू माझं मत मागितलं आहेस, आणि मागता मागता उत्तरही देऊन टाकलं आहेस: ‘आत्या, मी पडले कर्क राशीची. घर सोडून राहणं, रोज नव्या माणसांशी जुळवून घेणं माझ्या स्वभावातच नाही. बाबांनी पत्रिका पुन्हा दाखवली, ते गुरुजीही हेच म्हणाले.’

मत देते, पण आधी त्या राशीचं बघू. ती तुला कशी मिळाली, ते तुला पुरतं ठाऊक नसावं.

तुझा जन्म झाला तेव्हा आजोबा निवृत्त होऊन पोलाद कारखान्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमधून या घरात राहायला आले होते. जुनवानीत तेव्हा घरं कमी आणि शेतं जास्त. 1959 च्या फेब्रुवारीत राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, त्या सुमारास नागपूरहून आलेला हा माणूस. नोकरीभर तापमान आणि दाब मोजणारी यंत्रं तपासली आणि घरी आल्यावर पंचांगाचं गणित केलं. पंचांगही साधं नाही, टिळक पंचांग. त्यावरून आमच्या घरी किती वाद झाले असतील! एखाद्या वर्षी अधिक महिना निराळा धरला जायचा, की आम्ही दिवाळी करून मोकळे आणि सगळा मोहल्ला महिनाभर मागे. आम्हा पोरांना फटाके दोनदा मिळायचे, म्हणून आमची तक्रार नव्हती.

आता नीट वाच. राशी मोजायची तर आकाशात आरंभाचा बिंदू ठरवावा लागतो. टिळक पंचांग तो रेवती नक्षत्रातल्या एका ताऱ्यापासून धरतं. दात्यांचं पंचांग, कालनिर्णय आणि हल्लीची बहुतेक सॉफ्टवेअरं तो चित्रा ताऱ्याच्या समोरचा धरतात. 1952 साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली सरकारने पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्यात आपल्या नागपूरचे के. ल. दप्तरी आणि ‘केसरी’चे ज. स. करंदीकर होते. त्या समितीनेही चित्रेच्या बाजूनेच कौल दिला. दोन्ही बिंदूंमध्ये फरक पडतो सुमारे चार अंशांचा. एक रास तीस अंशांची. म्हणजे ढोबळ मानाने पंधरा माणसांत दोघांची चंद्ररास पंचांग बदललं की बदलते.

त्या दोघांतली तू एक आहेस. बाबांच्या सॉफ्टवेअरमध्ये तुझा चंद्र कर्केच्या अठ्ठाविसाव्या अंशात येतो, आश्लेषेच्या शेवटच्या चरणात. आजोबांच्या कागदावर तोच चंद्र सिंहेत शिरलेला आहे, मघेच्या पहिल्या चरणात. मघेच्या पहिल्या चरणाचं अक्षर ‘मा’. म्हणून तू मानसी. कर्केवरून नाव ठेवायचं तर अक्षर आलं असतं ‘डो’, आणि त्या अक्षरावरून मुलीला काय हाक मारायची ते तूच सुचव.

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत तू इथे यायचीस. स्वयंपाकघराच्या दाराशी एकाच खिळ्यावर दोन कॅलेंडरं असायची, अजूनही आहेत: आपलं कालनिर्णय आणि जबलपूरचं लाला रामस्वरूप. नावाच्या अक्षरावरून आपली रास शोधायची सवय तुला शेजारच्या पोरांनी लावली. ‘म’ म्हणजे सिंह, म्हणून तू सिंहेचं भविष्य मोठ्याने वाचायचीस. आणि वागणंही तसंच! गल्लीतल्या क्रिकेटमध्ये कोण आधी खेळणार हे तू ठरवायचीस, तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी पोरं मुकाट ऐकायची. एकदा बॉल शेजारच्या साहूभाभींच्या खिडकीवर बसला, तर माफी मागायला तू एकटी गेलीस आणि परतताना बॉल घेऊन आलीस. तेव्हा तुला हळवी म्हणायची कुणाची छाती नव्हती. मग दहावीच्या सुमारास बाबांनी कॉम्प्युटरवर पत्रिका काढली, तू कर्केची ठरलीस, आणि तेव्हापासून तुझ्या तोंडी ‘आम्ही कर्कवाले’ सुरू झालं.

पंधराव्या वर्षी मुलं बदलतातच, तेव्हा सगळा दोष त्या प्रिंटआउटला देत नाही. पण याच्या जवळ जाणारी एक गोष्ट संशोधनात दिसलेली आहे. हान्स आयझेंक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1978 मध्ये सहकाऱ्यांबरोबर दोन हजारांहून अधिक लोकांकडून स्वभावाच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या. पाश्चात्त्य सूर्यराशी आणि स्वभाव यांत खरोखरच काही मेळ दिसला, ज्योतिषी खूश झाले. मग आयझेंकने पुढची तपासणी केली. ज्यांना आपल्या राशीचे गुण आधीच ठाऊक होते, त्यांच्यात मेळ होता. मुलांत आणि राशींची माहिती नसलेल्यांत तो नाहीसा झाला. माणसं आपल्याबद्दल जे वाचतात, ते पुढे स्वतःबद्दल सांगू लागतात. तुझ्याबाबतीत तर दोन राशींचा प्रयोग याच अंगणात झाला.

आपल्याकडची परीक्षा म्हणशील तर पुण्यातच झाली, 2008 मध्ये. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या आणि कुठली कोणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांची उत्तरं आली, बरोबर निघाली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. ही परीक्षा बुद्धीची होती, हळवेपणाची नव्हे, म्हणून मी ती फार ताणत नाही.

मूळ ग्रंथात काय आहे हे तरी त्या गुरुजींनी सांगितलं का? वराहमिहिराच्या बृहज्जातकात कर्केच्या चंद्राचं वर्णन आहे. असा माणूस भराभर चालतो, मित्रांवर माया करतो, पाणी आणि बागा त्याला आवडतात, गोड बोलून त्याला वळवता येतं, चंद्रासारखा त्याचा पैसा वाढतो नि घटतो. इथवर ठीक. पण तो ठेंगणा आणि जाड मानेचा असतो, हेही त्याच श्लोकात आहे. तू पाच फूट सहा इंच. आणि घराला चिकटून बसण्याबद्दल तिथे काही नाही, उलट त्याची घरं पुष्कळ असतात असं म्हटलंय. तुला हवं तेवढं वेचून दिलं गेलं, तूही तेवढंच उचललंस.

पौर्णिमेला जास्त रडू येतं, असंही तू लिहिलं आहेस. चंद्राने समुद्राला भरती येते आणि शरीरात पाणीच पाणी, हे तुझं शास्त्र. अगं, मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. भरती येते ती पृथ्वीएवढ्या गोळ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूंवर चंद्राची ओढ कमीजास्त पडते म्हणून. भिलाईला पाणी पुरवणाऱ्या तांदुला धरणालासुद्धा भरती आलेली कुणी पाहिली नाही, मग साडेपाच फुटांच्या मुलीत ती कुठून येणार? काल कोजागरीला गच्चीवर आम्ही दूध आटवलं, साहूभाभींनी खिरीचं पातेलं मलमलीने झाकून चांदण्यात ठेवलं, आणि रात्री उशिरापर्यंत सगळ्याजणी हसत होत्या. पूर्ण चंद्र डोक्यावर होता.

आता वाटेल की आत्या राशीच्या नावाने बोटं मोडते आहे. तसं नाही. आपल्या आजीच्या तोंडी राशी सतत असायच्या, आणि त्यांचा एक उपयोग मी जवळून पाहिला आहे. मोठे काका जेवताना ताट सरकवून उठले, की आजी म्हणायची, ‘मेषेचा आहे, मनावर घेऊ नका.’ धाकटी काकू दोन दिवस कुणाशी बोलली नाही, तर ‘वृश्चिकेचा चंद्र, नीचेचा, निवळेल.’ एकत्र घरात दुसऱ्याचा राग पोटात घालायची ती एक रीत होती, भांडण पुढे वाढत नसे. पण स्वतःच्या रागावर तिने एकदाही राशीचं पांघरूण घातलेलं मी ऐकलं नाही. तिचीही रास होतीच की. तू मात्र नेमकं उलट करतेस: तुझ्या वागण्याला कर्क, आणि पत्रातल्या त्या तुझ्या ऑफिसातल्या वरिष्ठ बाईंच्या वागण्याला ‘मुद्दाम’.

याच राशीनक्षत्रांनी माणसाला दारातून परत पाठवलेलंही मी पाहिलंय, म्हणून जरा तिखट लिहिते. आपल्या नात्यातल्या एका मुलीला दोन ठिकाणांहून नकार आला तो आश्लेषेची म्हणून, का तर सासूला वाईट. तिसऱ्या ठिकाणी जुळलं, कारण तिथे सासू आधीच वारलेली होती. ती मुलगी स्वभावाने कशी आहे, हे तिन्ही घरांतल्या कुणी विचारलं नाही. तुझीही आश्लेषा आहे बरं, दात्यांच्या हिशेबाने. उद्या कुणी तुला असं म्हणालं तर तू आजोबांची मघा पुढे करशील, मला खात्री आहे.

आता तुझ्या पत्राकडे येते. ते मी परत परत वाचलं. हैदराबादबद्दल त्यात चार ओळी आहेत. भाडं किती पडेल, गाडी सोयीची आहे का, काम काय असेल, यातलं काहीच नाही. आणि त्या बाईंनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तुझा रिपोर्ट खाली ठेवला, ‘हे पुन्हा करून आणा’ म्हणाल्या, तुझे डोळे भरले, तू वॉशरूममध्ये गेलीस, बाहेर आल्यावर कुणी कुणी काय म्हटलं, यावर दोन पानं आहेत. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस थांबतो. त्या मीटिंगला महिना होत आला, म्हणजे तेवढ्यात तो बाराही राशी फिरून परत आला, आणि तू अजून त्याच खोलीत बसली आहेस.

हळवी तू आहेसच. त्यासाठी मला पत्रिका लागत नाही, तुझी आई मालिकेतल्या पाठवणीला रडते ते मी पाहते. पण हळवं असणं आणि दुखावलेलं असणं यांत फरक आहे. पहिलं जन्मभर राहील आणि राहू दे. दुसऱ्याला कारण असतं, तारीख असते, समोर माणूस असतो, म्हणून त्यावर काही करता येतं. ‘कर्क’ म्हटलं की दोन्ही एकाच गाठोड्यात जातात. मला वाटतं, तुला घर सोडायला भीती वाटत नाही. बारावीनंतर होस्टेलवर चार वर्षं राहिलीस, पहिल्या आठवड्यानंतर फोनही आम्हीच करायचो. तुला भीती आहे ती ही की हैदराबादला टीम तुझ्या हाताखाली येईल आणि तिथे पुन्हा कुणी चारचौघांत रिपोर्ट खाली ठेवेल.

मी चुकत असेन तर तसं लिही. पण बरोबर असेन, तर आधी त्या बाईंकडे जा. ईमेल नको, समोर बस. विचार की रिपोर्टमध्ये नेमकं काय कमी होतं, आणि वहीत उतरवून घे. मग हेही सांग की चूक दाखवा, पण एकटीला बोलावून दाखवा. बोलताना डोळे भरले तर भरू दे, रुमाल जवळ ठेव आणि वाक्य पूर्ण कर. त्या कशा वागतील ते मी इथे बसून सांगू शकत नाही. वाईट वागल्या तरी रिपोर्टमध्ये काय हवं होतं, एवढं तर हाती लागेल.

त्यानंतर हैदराबादचा विचार कर, आणि तेव्हा नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. आईची तब्येत, पगारात फारसा न पडणारा फरक, पुण्यातलं काम जास्त आवडणं, यातलं एखादं कारण खरं असेल तर मला ते शंभर टक्के मान्य आहे. फक्त कंपनीला पाठवायच्या पत्रात जे कारण लिहिता येणार नाही, ते स्वतःला देऊ नकोस. कर्क रास हे कारण तू त्यांना लिहिणार आहेस का?

बाबांशी यावरून वाद घालू नकोस. त्यांनी काळजीपोटी पत्रिका दाखवली. पंचांगावरून आजोबांशी त्यांचं कधी पटलं नाही, ते जुनं प्रकरण आहे, त्यात तू पडू नको. आजोबांच्या हातची तुझी पत्रिका माझ्या कपाटात आहे, जांभळ्या शाईतली, समासात गुणाकार-भागाकार केलेले. फोटो काढून पाठवते, गणित मात्र तूच तपासून बघ, मला आता ते बारीक आकडे दिसत नाहीत.

दिवाळीला येणार असशील तर आझाद हिंदचं तिकीट आत्ताच काढ, दुर्गला उतर, आतोबा घ्यायला येतील. आणि त्या बाईंशी बोलणं झालं की रविवारी सकाळी दहानंतर फोन कर, त्याआधी मी शिकवणीत असते.

तुझी,
आत्या