आटणे आणि बाष्पीभवन : पार्से येथील विज्ञानाच्या वर्गातून

पेडणे तालुक्यातील पार्से या गावात मी पाचवी ते सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. आमच्याकडे येणारी बहुतेक मुले चौथीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेली असतात. घरात पेडण्याची बोली, प्राथमिक शाळेत मराठी आणि पाचवीपासून पुस्तक इंग्रजी, असा त्यांचा प्रवास असतो. चौथीत भरभरून बोलणारे मूल पाचवीत गप्प का होते, हा प्रश्न मला अनेक वर्षे छळत होता.

एकदा मी वर्गात ‘इव्हॅपोरेशन’ची व्याख्या विचारली. एका मुलीने ती न अडखळता म्हणून दाखवली. मग फळ्यावर ओले फडके फिरवून मी विचारले, ‘हे पाणी आता कुठे जाईल?’ ती गप्प राहिली. व्याख्येचा या फळ्याशी काही संबंध आहे, हे तिच्या ध्यानातच आले नव्हते. दोष तिचा नव्हता. शब्द पाठ झाला म्हणजे धडा झाला, असे मीच तिला शिकवले होते.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना १९७४ साली झाली. तेथील वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठ्यपुस्तकाच्या भाषेचा विज्ञान समजण्यावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास केला. त्यांनी पाहिलेली मुले मराठीतूनच शिकत होती, तरीही पुस्तकी मराठी त्यांच्या वाटेत आडवी येत होती. भाषा सोपी केल्यावर मुलांचे आकलन सुधारले. आमच्या मुलांना तर एकाऐवजी दोन पायऱ्या चढायच्या असतात.

तेव्हापासून मी हा धडा शेजारच्या आगरवाड्याच्या मिठागरातून सुरू करतो. पावसाळा सरल्यावर आगराची डागडुजी होते आणि उन्हाळ्यात मीठ तयार होते. खाडीचे पाणी एका उथळ वाफ्यातून दुसऱ्यात घेत घेत दाट केले जाते. ‘इथे काय चालले आहे?’ एवढेच मी मुलांना विचारतो. पहिल्याच वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘पाणी आटलां, सर.’ त्याची आजी आगरात काम करायची. वर्षभरात तो वर्गात आपणहून बोललेला मी प्रथमच ऐकला.

‘आटणे’ हा शब्द मी फळ्यावर लिहिला. दूध आटते, आमटी आटते, विहीर आटते. या शब्दात आपले लक्ष मागे काय उरले याकडे जाते. ‘बाष्पीभवन’ या शब्दात ते निघून काय गेले याकडे जाते : पाण्याचे बाष्प झाले. इंग्रजी शब्दाच्या पोटातही ‘व्हेपर’ म्हणजे बाष्पच आहे. मिठागर समजायला दोन्ही बाजू हव्यात. पाणी वाफ होऊन गेले म्हणून मीठ उरले. तेव्हा बोलीतला शब्द हा शास्त्रीय शब्दाची गावठी आवृत्ती नव्हे. त्याच घटनेची दुसरी बाजू तो दाखवतो. हे कळल्यावर मुले तिन्ही शब्द वहीत एकाखाली एक लिहितात आणि परीक्षेतला इंग्रजी शब्दही विसरत नाहीत.

वर्गात करण्याजोगा प्रयोग असा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. २०० मिलिलिटर पाणी गाळून स्टीलच्या पसरट ताटात उन्हात ठेवावे आणि तेवढेच पेल्यात ठेवावे. कोणते आधी आटते, ते मुलांनी रोज पाहून लिहावे. ताटात सुमारे ७ ग्रॅम क्षार उरायला हवेत. ते ओलसर राहिले तर वजन जास्त भरते, हेही मुलांनाच शोधू द्यावे. चव मात्र कोणालाही घेऊ देऊ नये.

दुसऱ्या दिवशी १०० मिलिलिटर साध्या पाण्यात मोजून मीठ विरघळवावे. सुमारे ३६ ग्रॅमनंतर ते तळाशी राहू लागते. आमची मुले म्हणतात, ‘पाण्याचे पोट भरले.’ त्यानंतर मी ‘संपृक्त द्रावण’ हा शब्द देतो. आता गणित : लिटरला ३५ ग्रॅमचे पाणी लिटरला ३६० ग्रॅमपर्यंत दाट व्हायचे, तर किती आटले पाहिजे? सुमारे एक दशांश उरेपर्यंत. आगरात इतके वाफे कशासाठी लागतात, याचे उत्तर मुलांना आकड्यांतून मिळते.

एका जुलैत मी शापोरा नदीचे पाणी आणून स्टोव्हवर आटवले. मीठ जवळजवळ उरलेच नाही. प्रयोग फसला म्हणून मी ती गोष्ट वर्गातून गाळणार होतो. तालुक्यातले आम्ही चार शिक्षक महिन्यातून एका शनिवारी भेटतो. तिथे हे सांगितल्यावर एक बाई म्हणाल्या, ‘फसला कसा? मुलांनाच कारण विचारा.’ मुलांनी क्षणात सांगितले : पावसाचे गोडे पाणी खाडीत उतरले. आता आम्ही जुलै, नोव्हेंबर आणि एप्रिल असे तीनदा पाणी आटवतो. फसलेला प्रयोग वर्षभराचा प्रकल्प झाला.

शिक्षकाला असा आधार लागतो. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिक्षकांच्या मासिक बैठका हा कामाचाच भाग होता. तो कार्यक्रम २००२ साली बंद झाला, पण बैठकीची रीत आपण उचलू शकतो. त्यासाठी निधी लागत नाही. आमचा नियम साधा आहे : प्रत्येकाने मुलाचा एक प्रश्न, न जमलेला एक प्रयोग आणि बोलीतला एक शब्द घेऊन यायचे. उत्तर येत नसेल तर तसे म्हणायला लाजायचे नाही.

त्या मुलाच्या आजीला आम्ही पुढच्या वर्षी वर्गात बोलावले. पाणी दाट झाले की नाही, हे ती कसे ओळखायची, ते तिने सांगितले. मुलांनी ते लिहून घेतले, नातवाने सर्वांत सुवाच्य अक्षरात. गोव्यातील मिठागरे कमी होत आहेत. त्यांच्याबरोबर हे शब्द आणि त्यांतले निरीक्षणही जाईल. लेखकांनी ते टिपावे, विद्यार्थ्यांनी घरी विचारावे आणि शिक्षकांनी उद्याचा तास पुस्तकाऐवजी एका ओल्या फडक्याने सुरू करून पाहावा.