शनिवारचं व्हाउचर

आत्या नंदुरबारकडची. नर्स म्हणून सुरतेत तिची सगळी नोकरी झाली, आता निवृत्त होऊन उधन्यात राहते. मी रिंग रोडवरच्या कापड मार्केटात हिशेब लिहिते. एका रविवारी मराठी उपासना आटोपली आणि मी म्हटलं, आत्या, मला काही विचारायचंय. ती म्हणाली, "मग घरी नको, कतारगामला जाऊ." इंग्रजांच्या जुन्या कबरस्तानात ऑक्सेंडन भावांच्या दुमजली घुमटाच्या सावलीत आम्ही बसलो. तिथलं आमचं बोलणं जसं आठवतं तसं लिहिते.

मी : इथे कशाला आणलंस?

आत्या : तू वाटेत म्हणालीस ना, जगायचं कशासाठी ते कळत नाही. हे बघ, जॉर्ज ऑक्सेंडन. इंग्रज वखारीचा प्रमुख. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा ह्यानेच वखार राखली. १६६९ ला वारला आणि भावाशेजारी ह्या घुमटाखाली पुरला. ह्याच्यापेक्षा भारी कबर बांधायची म्हणून डचांनी पुढे व्हान रीड नावाच्या आपल्या अधिकाऱ्यासाठी तिकडे अजून मोठा घुमट उभारला, असं सांगतात. मरणातही चढाओढ! पण मला सांगायचंय ते दुसऱ्याच माणसाबद्दल. त्याच सुरतेत फादर अँब्रोज नावाचा एक फ्रेंच कापुचिन पाद्री राहायचा. बर्निये नावाच्या फ्रेंच वैद्याने प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय की शहर लुटलं जात असताना महाराजांनी त्या पाद्र्याच्या घराला हात लावू दिला नाही. डचांच्या एका मयत दलालाचं घरही वाचलं, तो हिंदू होता. दानधर्म करणारा माणूस, असं त्याचं नाव महाराजांच्या कानावर गेलं होतं.

मी : महाराजांनी दोघांनाही ओळखलं, म्हणजे.

आत्या : मला ते फार मोठं वाटतं. अँब्रोज रोज किती वेळ प्रार्थना करायचा हे महाराजांना कुठून कळणार? त्यांच्यापर्यंत पोचलं ते एवढंच, की हा भला माणूस आहे. देवावरचं प्रेम गल्लीत दिसतं, बेटा.

मी : तिथेच माझी अडचण आहे. आईवर प्रेम करता येतं, ती समोर असते. देवावर करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

आत्या : हाच प्रश्न एका शास्त्र्याने येशूला वेगळ्या शब्दांत विचारला होता. सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती? त्याने एक विचारली, येशूने दोन सांगितल्या. देवावर सगळ्या जिवाने प्रीती करायची, ही बायबलातल्या अनुवाद ह्या पुस्तकातली. शेजाऱ्यावर स्वतःसारखी करायची, ही लेवीयातली. दोन्ही जुन्याच होत्या, येशूने त्यांची गाठ मारली. मोशेच्या ग्रंथात प्रीती हा शब्द येतो तो नुसत्या भावनेसाठी नाही. करार पाळण्यासाठी, दिलेल्या शब्दाला धरून राहण्यासाठी येतो. मन उचंबळून आलं तर छानच, पण त्यावाचून प्रीती अडत नाही.

मी : माझं मन प्रार्थनेत लागतच नाही. सकाळी रेव्हरंड टिळकांचं भजन चाललं होतं आणि माझ्या डोक्यात पार्टीची उधारी.

आत्या : माझंही सांगते. १९९४ चा सप्टेंबर. प्लेग आला म्हणून शहरात हाकाटी झाली. वेड रोड इथून जवळच, भीती तिथूनच पसरली. लाखो लोक निघून गेले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून गायब, भुसावळ गाडीला लोंबकळून लोक गावाकडे चाललेले. मी ड्युटीवर राहिले. मंडळीत नंतर मला साक्ष द्यायला उभं केलं, पण खरं सांगू? त्या दिवसांत मला देव जवळ आहे असं एकदाही वाटलं नाही. नुसती भीती. पाय स्टेशनकडे ओढत होते. प्रार्थना म्हणून एकच वाक्य निघायचं : आजची पाळी पार पडू दे. तोंडाला फडकं बांधायचं, सलाईन लावायचं, कुणाला पाणी पाजायचं. आता मागे वळून बघते तर वाटतं, आयुष्यात देवावर सर्वांत जास्त प्रीती मी त्याच आठवड्यात केली असेन.

(आत्या थोडा वेळ गप्प बसली. मीही काही बोलले नाही.)

मी : पण हे सगळं देवाला खूश ठेवायलाच करायचं ना? म्हणजे मग तो आपल्यावर प्रेम करील.

आत्या : छे छे, तिथेच गोष्ट उलटी होते. आधी त्याने प्रीती केली, आपली नंतरची. पंडिता रमाबाईंचं बघ. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यांनी स्वतःच नंतर लिहिलंय की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. तो सापडायला आणखी काही वर्षं गेली. केवढी विद्वान बाई, आणि हे कबूल करते! त्याआधी त्या देवाचं देणं फेडत होत्या म्हण ना. नंतर कळलं, ते आधीच फिटलंय.

मी : त्यांना आयुष्याचं ध्येय माहीत होतं. मला ते कुठे माहीत आहे?

आत्या : त्यांना तरी कुठे ठरवून मिळालं? १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं ते उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी. मग १८९६ चा दुष्काळ आला. लहानपणी रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच गेले होते, भूक काय असते ते त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणल्या आणि केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. पुढे १९०० साली आपल्या ह्या गुजरातेत छप्पनिया दुष्काळ पडला, तेव्हा त्यांची माणसं इकडेही आली आणि शेकडो मुली केडगावला नेल्या. ध्येय शोधायला त्या बसल्या नव्हत्या. गरज दारात आली आणि त्यांनी दार लावलं नाही. आपण पाचारण म्हणतो ना, ते असं असतं. हाक दुसऱ्याची असते, आपण फक्त ओ द्यायची.

मी : आणि ओ देऊन काहीच हाती लागलं नाही तर?

आत्या : मग सुरतेचंच ऐक. १८१५ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फायवी इथे आले. भाषा शिकले, छापखाना घातला, १८२० च्या सुमारास गुजराती नवा करार छापला. तीसेक वर्षं काम चाललं, पण ख्रिस्ती झाले अगदी थोडे. शेवटी काम आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे सोपवलं. लंडनमध्ये वही बघणाऱ्याला तो तोटाच वाटला असणार. मला नाही वाटत. शेतकरी पेरतो आणि कापणीला दुसराच असतो, असं कित्येकदा होतं. ह्या आयरिश मंडळींची एक प्रश्नोत्तरी होती, वेस्टमिन्स्टरची, १६४७ सालची. एकशे सात प्रश्न. पहिलाच प्रश्न तुझा : माणूस आहे कशासाठी?

मी : उत्तर काय?

आत्या : देवाचा गौरव करावा आणि त्याच्या सहवासाचा कायमचा आनंद घ्यावा, असा अर्थ.

मी : आनंद? मला वाटलं सेवा, त्याग वगैरे असेल.

आत्या : मलाही लहानपणी तसंच वाटायचं. कडक माणसं ती, रविवारी हसायचीसुद्धा नाहीत असं लोक म्हणत. पण पहिल्याच उत्तरात आनंद लिहून ठेवलाय. सेवा त्या आनंदातून निघते. आनंद आटला की सेवा नुसती कटकट होते, नर्सिंगमध्ये मी हे पाहिलंय.

मी : नर्सिंग ठीक आहे गं. मी दिवसभर साड्यांची बिलं फाडते. त्यात देवाचा गौरव कसा होणार?

आत्या : पौल तंबू शिवायचा. आणि कलस्सैकरांना लिहिताना, जे काम कराल ते प्रभूसाठी म्हणून करा, हे त्याने कुणाला सांगितलं? गुलामांना. ज्यांच्या कामाला कुणी काम म्हणून मान देत नव्हतं त्यांना. पण लगेच पुढे मालकांनाही बजावलं, न्यायाने वागा, तुमच्यावरही मालक आहे. हे दुसरं वाक्य लोक वाचायचं विसरतात. तुझ्या हातून पैसे कुणाला जातात?

मी : दलालांना, ट्रान्सपोर्टला. आणि लिंबायतमधल्या बायांना. घरी बसून टिकल्या-स्टोन लावतात, नगावर पैसे.

आत्या : वेळेवर जातात?

मी : दलालाचे जातात. बायांचं व्हाउचर शनिवारी करायचं असतं. काम साठलं की मी सोमवारवर टाकते, कधी बुधवारपर्यंत जातं. त्या काही बोलत नाहीत.

आत्या : याकोबाचं पत्र काढ घरी गेल्यावर. पाचवा अध्याय. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं तो म्हणतो. मजूर गप्प असले तरी.

मी : मी मुद्दाम नाही गं करत.

आत्या : ठाऊक आहे, बेटा. मी तुला रागवत नाहीये. तू विचारलंस देवावर प्रेम कसं करायचं, आणि मला तुझ्या टेबलावर ते दिसतंय म्हणून सांगते. किती बाया आहेत?

मी : एकोणीस.

आत्या : नावं?

मी : वहीत नंबर आहेत. एक ते एकोणीस.

आत्या काही बोलली नाही. घुमटावरचे पारवे उडाले, तिने गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, मी हात दिला. फाटकाशी आल्यावर म्हणाली, "नावं विचारून घे."

शनिवारी दुपारी जेवायच्या सुट्टीत मी व्हाउचरं केली. त्याआधी वहीत नंबरांच्या पुढे पट्टीने एक रकाना आखला होता. त्यात अकरा नावं लिहून झाली आहेत.